चौकोनाला गोल करण्याचे दहा सोपे धडे

अभिनंदन! तुम्ही गोल इमारत डिझाइन केली आहे. प्लॅनवर कंपास फिरवताना मजा आली असणार. आता टी-स्क्वेअर लावा, एलेव्हेशन काढा आणि कागदावर काय उमटतं ते शांतपणे बघा. चौकोन. शेजारच्या प्लॉटवरच्या चौकोनी इमारतीचा येतो, अगदी तसाच.

घाबरू नका, यात तुमची काहीच चूक नाही. एलेव्हेशन बघणारा माणूस अनंत अंतरावर उभा आहे असं आपण धरतो. त्याच्या डोळ्याकडे जाणाऱ्या सगळ्या रेषा समांतर असतात. अशा माणसाला इमारतीची उंची कळते, रुंदी कळते. पोट पुढे आलंय की मागे गेलंय, ते कळत नाही. हायटेक सिटीतला सायबर टॉवर्स घ्या. १९९८ च्या नोव्हेंबरात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींनी त्याचं उद्घाटन केलं, आणि तो गोलावा हैदराबादच्या आयटीची ओळख होऊन बसला. एलेव्हेशनमध्ये ही ओळख म्हणजे दहा आडव्या पट्ट्यांचा आयत. १५९१ सालच्या चारमिनारचे हाल तर विचारूच नका. समोरून एलेव्हेशन काढलं की मागचे दोन मिनार पुढच्या दोघांच्या बरोबर पाठीशी लपतात आणि कागदावर उरतो दोनमिनार.

राजेंद्रनगरकडे राष्ट्रीय मत्स्य विकास मंडळाची इमारत ज्यांनी काढली ते तेवढे नशीबवान. इमारतच माशाच्या आकाराची. बाजूचं एलेव्हेशन काढलं की मासा आपोआप येतो.

तुमचा क्लायंट मासे पाळत नाही. तो ड्रॉइंग हातात घेईल, उलटंसुलटं करून बघेल आणि म्हणेल, "साब, बिल्डिंग गोल बोले थे ना? ये तो डब्बा दिखरा." त्याला समांतर रेषांचं तत्त्वज्ञान ऐकवू नका. त्याला शेडिंग द्या. योग्य जागी योग्य राखाडी भरला की कोणताही चौकोन गोल भासतो. पुढचे दहा धडे त्यासाठीच आहेत.

१. साहित्य जमवा.
टेक्निकल पेन घ्या: ०.१, ०.२, ०.३ आणि ०.५. यातला ०.१ सबमिशनच्या आदल्या रात्री बंद पडतो, तो त्याचा धर्मच आहे. कानाजवळ धरून हलवा. आतलं वजन टकटक वाजलं तर अजून धुगधुगी आहे. ट्रेसिंग पेपर, दोन सेट-स्क्वेअर, फ्रेंच कर्व्ह आणि शेव्हिंग ब्लेडचं अर्धं पातं. पातं शाई खरवडायला. एकाच जागी तिसऱ्यांदा खरवडलं की ट्रेसिंगला भोक पडतं. मागून टेप लावा आणि धडा ९ मधलं झाड त्यावर काढा. शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं साहित्य म्हणजे एक ज्युनिअर. त्याला चहा पाजा, 'शिकायला मिळेल' असं सांगा.

२. सूर्य नेमून घ्या.
शेडिंग करायचं तर ऊन कुठून येतं हे ठरवावं लागतं. तुम्हाला ठरवायचं काही नाही, ते आधीच ठरलेलं आहे. आर्किटेक्चरच्या अभ्यासक्रमात सायोग्राफी नावाचा जो विषय तुम्ही काठावर सोडवलात, त्यात सूर्य नेहमी वरच्या डाव्या बाजूला, बघणाऱ्याच्या खांद्यामागे असतो. प्लॅनमध्ये किरण ४५ अंशांत, एलेव्हेशनमध्येही ४५ अंशांत. प्रत्यक्षात तो जमिनीशी ३५ अंश १६ मिनिटांचा कोन करतो, पण हे परीक्षेपुरतंच लक्षात ठेवा.

हाच सूर्य चारही एलेव्हेशनवर लावा. दक्षिण, पूर्व, उत्तर, पश्चिम, सगळीकडे वरून, डावीकडून. कुणी हिशेब करत नाही म्हणून बरं. केला तर असं निघतं: चारही दिशांना नीट तोंड करून उभ्या असलेल्या हैदराबादच्या इमारतीच्या दक्षिण भिंतीवर हा सूर्य डिसेंबर-जानेवारीत दुपारी पावणेतीन-तीनच्या सुमारास खरोखर येतो. पूर्वेच्या भिंतीवर त्याच दिवसांत सकाळी येतो. उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या भिंतीवर वर्षातल्या ३६५ दिवसांत एकदाही येत नाही. तरीही त्या दोन भिंतींवर निर्धास्त सावल्या टाका. जूरीतल्या कुणालाही कागदावर उत्तर दिशा शोधायची सवय नसते.

३. प्लॅनमधून गोलावा वर आणा.
हा धडा टाळता आला तर टाळा, कारण तो खरा आहे. प्लॅनमधल्या समोरच्या अर्धवर्तुळाचे १५-१५ अंशांचे बारा भाग करा आणि प्रत्येक बिंदूतून एलेव्हेशनवर उभी रेषा न्या. कागदावर त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर मध्यापासून कडेपर्यंत पट्ट्यांची रुंदी अशी येते: २५.९ मिलिमीटर, २४.१, २०.७, १५.९, १०, आणि शेवटची फक्त ३.४. मधे ऐसपैस, कडेला चेंगराचेंगरी.

आता पेन खाली ठेवा आणि जरा लांबून बघा. एक ठिपकाही न भरता इमारत गोल दिसायला लागली आहे. काचेच्या चौकटींच्या उभ्या पट्ट्या प्लॅनवरून इमानदारीत वर नेल्या तर शेडिंगची गरजच उरत नाही, हे या विद्येतलं सर्वांत मोठं गुपित. ते क्लायंटला कळू देऊ नका. ज्युनिअरला तर मुळीच नको, तो चहा संपवून घरी जाईल.

बहुतेक ऑफिसांत ही अडचण येत नाही, कारण तिथे खिडकी एकदा काढतात आणि कॉपी करत कडेपर्यंत नेतात. सगळ्या खिडक्या सारख्या रुंदीच्या झाल्या की इमारत पुन्हा सपाट होते आणि शेडिंगला वाव मिळतो.

४. काळोख कुठे भरायचा हे पाइपला विचारा.
नवशिका काय करतो? मधे पांढरं ठेवतो आणि दोन्ही कडांना काळं करत जातो. दिसायला छान दिसतं. चूक आहे.

साइटवरून चार इंची पांढऱ्या पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा उचलून आणा आणि टेबलावर उभा करा. खिडकी तुमच्या डाव्या खांद्यामागे येईल असे बसा. बघा: सर्वांत उजळ पट्टी मध्यावर नाही, डावीकडे सरकलेली आहे. उजवीकडे जाताना छटा गडद होत जाते, एका उभ्या रेषेवर सर्वांत काळी होते, आणि मग... कडेशी पुन्हा उजळते. टेबलावरून, शेजारच्या भिंतीवरून उलटून आलेला उजेड पाइपच्या त्या कडेला मागून चाटून जातो. पाइपला वाकून जवळून बघितलंत तर त्या कडेत टेबलाचा रंगसुद्धा सापडेल.

नेमलेल्या सूर्यात ही जागा काढता येते. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या वृत्तचितीवर सर्वांत गडद रेषा मध्यापासून ७ सेंटिमीटर उजवीकडे पडते. काळोख तिथे, कडेला नाही. तेवढंच डावीकडे गेलात की सर्वांत उजळ जागा. उजव्या कडेला थोडा उजेड शिल्लक ठेवलात तर इमारत मागे वळते. ती कड काळी ठोकलीत तर इमारत तिथेच कापल्यासारखी थांबते. क्लायंट विचारेल, "ये साइड में सफेद कैकू छोडे?" तेव्हा गंभीर चेहऱ्याने 'रिफ्लेक्टेड लाइट' म्हणा. तो तुमची फी देईल.

५. तंत्र एकच निवडा.
तीन मार्ग आहेत आणि तिन्ही रात्रीतूनच जातात.

रेषा: उभ्या रेषा काढा, काळोखाच्या दिशेने जवळजवळ आणा. आडव्या काढल्यात तर भिंत सपाट राहील आणि शेडिंगचं कुंपण होईल. तिरप्या काढायच्या तर सगळ्या एकाच तिरकसपणाने. रात्री दोननंतर हात आपोआप कोन बदलतो.

ठिपके: सर्वांत सुंदर आणि सर्वांत अमानुष. यासाठी तर ज्युनिअर आणला होता. एका इमारतीवर दोन ज्युनिअर बसवू नका. प्रत्येकाचा ठिपका वेगळा पडतो आणि इमारतीच्या मधोमध दोन माणसांची शिवण दिसते. मान दुखते असं ज्युनिअर म्हणेल. सहानुभूतीने मान हलवा. तुमचीही पूर्वी दुखली होती.

वॉश: पॅरिसच्या एकोल दे बोझारमधली मुलं एकोणिसाव्या शतकात पातळ शाईचे थरावर थर चढवून खांब गोल करायची. गोळा केलेली ड्रॉइंग्ज नेणाऱ्या हातगाडीबरोबर धावतही ती रंग भरायची, असं सांगतात. प्रत्येक थर वाळू द्यावा लागतो. मे महिन्यातल्या हैदराबादेत तो ब्रश उचलायच्या आतच वाळतो आणि कडेला डाग धरतो. त्या डागाला 'टेक्स्चर' म्हणा.

जुन्या ऑफिसांतली एक युक्तीही सांगून ठेवतो: शाईच्या रेषा ट्रेसिंगच्या पुढच्या बाजूला आणि मऊ पेन्सिलीचं शेडिंग मागच्या बाजूला. रेषा खोडताना छटा पुसत नाही आणि अमोनिया प्रिंटमध्ये अलगद राखाडी उतरते. आता अमोनिया प्रिंटचं मशीन शोधायला निघा.

६. घुमटापुढे नम्र व्हा.
सरावाला या शहरात घुमटांची टंचाई नाही. मुसीच्या एका काठावर हायकोर्ट, पलीकडे उस्मानिया हॉस्पिटल, गोवळकोंड्याशेजारी इब्राहिम बागेत कुतुबशाही मकबरे, आणि हुसेनसागराजवळ २०२३ साली उघडलेलं नवं सचिवालय.

घुमटावर छटा दोन दिशांनी बदलते: डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली. सर्वांत उजळ जागा शेंड्यावर नसते. गोलाच्या केंद्रापासून त्रिज्येच्या ०.५८ पट डावीकडे आणि तेवढीच वर असते. उजेड-काळोखाची हद्द सरळ रेषेत नाही, लंबवर्तुळात वळते. वृत्तचितीसारख्या उभ्या पट्ट्या घुमटावर ओढल्यात तर चिरलेली इडली तयार होईल.

कुतुबशाही घुमट आणखी एक पेच घालतात. ते मानेशी आवळलेले असतात आणि तिथे पाकळ्यांची माळ असते. पोट फुगून पुन्हा आत वळतं, त्यामुळे खालचा भाग सावलीत जातो, पण गच्चीवरून उसळलेला उजेड त्याला खालून उजळतो. आणि लक्षात ठेवा, घुमटावरची आडवी वर्तुळं एलेव्हेशनमध्ये सरळ रेषाच दिसतात. त्यांना हसऱ्या ओठांसारखा बाक दिलात की एलेव्हेशन संपलं, पर्स्पेक्टिव्ह सुरू झालं, आणि जूरीतल्या सर्वांत वयस्कर सरांनी चष्मा काढला.

७. मिनाराच्या गॅलरीखाली सरळ पट्टा मारू नका.
चारमिनारच्या प्रत्येक मिनाराला गोल गॅलऱ्यांची कडी आहेत. कड्याखाली सावली हवी म्हणून सगळे एकसारख्या जाडीचा काळा पट्टा ओढतात. खरी सावली डाव्या बाजूला उथळ असते आणि उजवीकडे खाली उतरत जाते, कारण किरण तिरपा येतो आणि भिंत वळून त्याच्यापासून लांब पळते. ही वळणदार सावली बिंदूबिंदूने काढायला एक संध्याकाळ लागते. पट्टा ओढायला अर्धं मिनिट. आपण अर्ध्या मिनिटाचे उपासक आहोत, म्हणून पट्टाच ओढा, पण त्याचं उजवं टोक किंचित खाली वाकवा. बघणाऱ्याला वाटेल, याला काहीतरी येतंय.

८. संगणकावर असाल तर सूर्याची टिक काढून टाका.
ऑटोकॅडमध्ये हॅच उघडा, ग्रेडियंट निवडा. 'सिलिंडर' नावाची तयार छटा तुमची वाटच बघत असते. ती तशीच भरलीत तर उजेड बरोबर मधोमध येईल, म्हणजे सूर्य क्लायंटच्या कपाळावर. 'सेंटर्ड'ची टिक काढून टाका. छटा लगेच डावीकडे वर सरकते. ज्यासाठी तुमच्या सरांच्या पिढीने पाठीचे मणके झिजवले, ते एका टिकेवर आलं आहे.

गडद रेषा आणि उजव्या कडेचा परतीचा उजेड मात्र त्या छटेत तुमच्या मनाजोगा येणार नाही. तो वेगळा भरावा लागतो. भरू नका, रेंडरवाल्याकडे पाठवा. तो काचेत ढग घालून देईल. महापालिकेकडे जाणाऱ्या नकाशात यातलं काहीच लागत नाही. तिथे मोजमापं बघतात. हा सगळा खटाटोप ज्याला मोजमापं वाचता येत नाहीत त्याच्यासाठी आहे.

९. झाडं, आभाळ, माणसं.
इमारतीची उजळ डावी कड उठून दिसत नसेल तर मागचं आभाळ तिथे गडद करा. गडद बाजूला आभाळ उजळ ठेवा. एकाच आभाळात एकीकडे वळीव आणि दुसरीकडे लख्ख ऊन चालतं, आपल्याकडे मृगात तसं होतंही.

गोलावा जिथे फसला तिथे झाड लावा. ताड उंच चुकांसाठी, गुलमोहर रुंद चुकांसाठी. पायथ्याशी तीन माणसं उभी करा, त्यातल्या एकाच्या हातात लॅपटॉपची बॅग द्या. त्यांच्या सावल्या इमारतीच्या सावलीच्या उलट दिशेला पडणार नाहीत एवढं बघा. पडल्याच तर हरकत नाही, माणसांच्या पायाशी कुणी बघत नाही.

१०. छज्ज्याची सावली कुणाला मोजू देऊ नका.
हा धडा शेवटी ठेवला, कारण यात धोका आहे. ४५ अंशांचा सूर्य सौंदर्यासाठी निवडलेला नाही. त्याचा उपयोग असा की वस्तू भिंतीपासून जेवढी पुढे असेल तेवढीच तिची सावली एलेव्हेशनवर खाली उतरते. ६० सेंटिमीटरचा छज्जा, ६० सेंटिमीटर सावली. म्हणजे पट्टी हातात असलेला कोणीही माणूस तुमच्या एलेव्हेशनवरून छज्जा किती पुढे आहे, व्हरांडा किती खोल आहे, ते वाचू शकतो. त्याहून भारी गोष्ट: सरळ कडेच्या छज्ज्याची सावली गोल भिंतीवर पडली की भिंतीचा प्लॅनमधला बाक जसाच्या तसा एलेव्हेशनवर उमटतो. एकाच रेषेत इमारत गोल आहे हे सिद्ध. ठिपके नकोत, ग्रेडियंट नको, ज्युनिअर नको.

पण त्यासाठी इमारतीला छज्जा लागतो, आणि तो तुमच्या इमारतीला नाही. पहिल्या ड्रॉइंगमध्ये होता. खर्चाच्या मीटिंगमध्ये गेला. एलेव्हेशनवरची त्याची सावली मात्र तुम्ही ठेवलीत, कारण ती फुकट होती आणि छान दिसत होती.

तेव्हा ती सावली कुणी मोजणार नाही अशी व्यवस्था करा. ड्रॉइंगवर स्केलच्या जागी 'एनटीएस' लिहा, म्हणजे मापाला धरून नाही. मोजलीच तर 'कलात्मक' म्हणा. आणि इमारत उभी राहिल्यावर एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता तिकडे फिरकू नका. चौकोनी इमारतीची एक भिंत तरी उन्हाला पाठ करून राहते. गोल इमारतीची तशी सुटका नाही. सूर्य कुठेही असो, काचेची एक पट्टी दिवसभर त्याच्याकडे तोंड करून उभी असते. त्या पट्टीमागे बसलेला माणूस काचेवर वर्तमानपत्र चिकटवतो, पडदा ओढतो, एसी सोळावर नेतो. तुम्ही कागदावर जी सावली भरली, ती त्याला मिळालेली नसते.

आता नवशिके राहिला नाहीत, म्हणून एकच गोष्ट गंभीरपणे सांगतो. एलेव्हेशनवर जेवढी सावली काढाल तेवढा छज्जा बांधा. ते जमणार नसेल तर ड्रॉइंग कोरं ठेवा आणि खिडक्यांच्या रेषा प्लॅनवरून नीट वर आणा. क्लायंट डब्बा म्हणाला तर म्हणू द्या. त्याला प्लॅन दाखवा, चार इंची पाइप दाखवा, आणि छज्ज्याचे पैसे पुन्हा मागा.